मार्डेल स्विगमचं साधं पेट्रोल

लिंडाल गावात ज्याच्याकडे गवत कापायचं यंत्र आहे, त्याच्याकडे मार्डेल स्विगमचा फोन नंबर असतोच. गाव सहाशे वस्तीचं, अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या उत्तर टोकाला, चारी बाजूंनी मका. मी हार्लन ब्रुकनर. गावच्या शेतकरी सहकारी सोसायटीत एकतीस वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे ही हकीकत मला आतूनबाहेरून ठाऊक आहे. तिच्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती झाकून ठेवली तर सांगण्यात काही अर्थ नाही.

मार्डेल बावीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात होती. शिवणाऱ्या बायका पन्नास, आणि त्यांची यंत्रं चालू ठेवणारी ही एकटी. कारखाना बंद झाला तेव्हा तिचं वय सत्तेचाळीस. तिच्या बरोबरीच्या बाया दुसऱ्या गावी कामाला गेल्या. मार्डेलने जुन्या लोण्याच्या डेअरीची रिकामी इमारत घेतली, तिथली फरशी तीन दिवस घासली आणि दारावर पाटी लावली: ‘लहान इंजिनं दुरुस्त होतील. गप्पा बाहेर.’

गप्पा आतच व्हायच्या, ही गोष्ट वेगळी.

तिची एक रीत होती. यंत्र आलं की हत्याराला हात लावायच्या आधी ती टाकीचं झाकण उघडायची आणि वास घ्यायची. मग विचारायची, “यात पेट्रोल कधीचं?”

“अगं, परवाच भरलंय.”

“परवा म्हणजे कुठल्या वर्षी?”

समोरचा हसायचा, टोपी मागे सारायचा आणि खरं सांगायचा. बहुतेकदा उत्तर मागच्या उन्हाळ्यातलं असायचं.

आता आमच्याकडच्या पेट्रोलचं सांगायला हवं. आमच्या गावचा निम्मा मका सोळा मैलांवरच्या इथेनॉलच्या कारखान्यात जातो. तिथे त्याचं अल्कोहोल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात, शंभरात दहा भाग. सोसायटीच्या निम्म्याहून जास्त सभासदांचे त्या कारखान्यात शेअर आहेत. मक्याला भाव आहे तो त्या कारखान्यामुळे, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा लिंडालमध्ये इथेनॉलविरुद्ध बोलणं म्हणजे प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये मोठ्याने शिंकण्यासारखं. सगळ्या माना एकदम वळतात.

मार्डेल कुणाविरुद्ध बोलत नव्हती. ती फक्त फळीवर बरण्या ठेवायची. एखाद्या करवतीच्या इंजिनातली फुगून मऊ पडलेली नळी, कडक होऊन तडकलेला रबरी पडदा, पांढरी बुरशी आल्यासारखी दिसणारी कार्ब्युरेटरची वाटी. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: कुणाचं यंत्र, कुठलं पेट्रोल, किती महिने टाकीत पडून होतं. नऊ वर्षांत दोनशेच्या वर बरण्या झाल्या. गावात त्याला ‘मार्डेलचं लोणच्याचं दुकान’ म्हणायचे.

सोसायटीचा चेअरमन ऑर्लिन स्विगम हा तिचा सख्खा भाऊ. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, अकराशे एकर मका. वडिलांची जमीन त्याच्याकडे आली आणि वडिलांचे हात हिच्याकडे, असं आमच्याकडचे म्हातारे म्हणत. एकदा तो दुकानात आला आणि त्या फळीसमोर उभा राहिला. मी माझं बर्फ उडवायचं यंत्र न्यायला आलो होतो, तेव्हा दोघांचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

“मार्डे, ही काय माझ्या मक्याची बदनामी मांडून ठेवली आहेस?”

“तुझ्या मक्याचं नाव आहे का कुठे? वाच की.”

“नाव कशाला हवंय? लोकांना कळतं.”

“लोकांना कळलं असतं तर बरण्या भरल्या नसत्या.” तिने हात पुसले. “हे बघ ऑर्लिन, माझी गाडी तुझंच पेट्रोल पिते आणि खुशाल पळते. का? गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते. स्मशानभूमीतलं गवतयंत्र ऑक्टोबरात झोपतं ते मे महिन्यात उठतं. तेवढ्या काळात तुझं अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला जाऊन बसतात. मग मी येते.”

“पेट्रोल नुसतं ठेवलं तरी खराब होतंच.”

“होतं ना. साधंही होतं, पण सावकाश होतं आणि पाणी ओढत नाही. म्हणून म्हणते, झोपणाऱ्या इंजिनाला साधं द्या.”

साधं म्हणजे इथेनॉल न मिसळलेलं. आमच्या सोसायटीच्या पंपावर त्याची एक टाकी होती. खप कमी, पण ठरलेला: करवतीवाले, नदीत होड्या घालणारे, अग्निशमन दलाचा हाताने उचलायचा पंप, आणि मार्डेलने दम दिलेली सगळी मंडळी.

मग राज्याचा नवा नियम आला. पेट्रोल विकणाऱ्यांनी पंधरा टक्के इथेनॉलचंही पेट्रोल ठेवावं, असा. मका पिकवणाऱ्या राज्यात असा नियम झाला यात नवल नव्हतं. आमच्याकडे ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी कॅफेत ‘ॲपल पाय’ फुकट वाटला. पण सोसायटीकडे जमिनीखाली टाक्या तीनच: एक दहा टक्क्यांची, एक डिझेलची, एक साध्याची. जानेवारीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत मीच ठराव लिहिला: साधं बंद करून ती टाकी पंधरा टक्क्यांसाठी वापरावी, मार्चच्या वार्षिक सभेत सभासदांची मंजुरी घ्यावी.

मार्डेलला आईकडून सभासदत्व आलेलं होतं. ती बैठकीला येऊन शेवटच्या खुर्चीवर बसली होती. ठराव वाचून झाल्यावर तिने हात वर केला.

“चेअरमनसाहेब, बोलू का?”

भावाला ‘साहेब’ म्हटल्यावर दोघेतिघे हसले. ऑर्लिन हसला नाही. “बोल.”

“पंधरा टक्क्यांच्या पंपावर एक नारिंगी पट्टी लावावी लागते. केंद्राचाच नियम आहे. लहान इंजिनात, होडीत, मोटरसायकलमध्ये हे घालू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे एक नियम सांगतो हे विका आणि दुसरा सांगतो हे घालू नका. मग ज्याला घालायचं नाही त्याने काय भरायचं?”

“दहा टक्क्यांचं आहे की.”

“आणि जे सहा महिने पडून राहणार त्यात?”

“अडतीस मैलांवर मिळतं साधं,” डेल्बर्ट क्लाइन म्हणाला. तोंडाचा फटकळ माणूस, मंडळातला सगळ्यात जुना. “जाऊन आण. नाहीतर लोणचं घाल.”

सगळे हसले. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. मार्डेल म्हणाली, “ठीक आहे, मार्चमध्ये बघू,” आणि कोट घालून निघून गेली.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. भुसभुशीत बर्फ आम्हाला नवा नाही. हे वेगळं होतं: पाऊस पडत होता आणि पडल्या पडल्या गोठत होता. गुरुवारी सकाळी उठून पाहिलं तर प्रत्येक फांदीला, प्रत्येक तारेला बोटभर जाडीची काच. आठच्या सुमारास खांब मोडायला लागले. एकामागून एक, शेतांच्या कडेने, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तसे. साडेआठला वीज गेली, ती सहा दिवसांनी आली.

आमच्या घरी माझे सासरे अल्विन होते. वय एक्याऐंशी, फुप्फुसं गेलेली, विजेवर चालणाऱ्या यंत्रातून नाकाला ऑक्सिजन. एक सुटं नळकांडं होतं, दुपारी दोनपर्यंत पुरेल एवढं. रुग्णवाहिकेला फोन केला तर रस्ता मोकळा होईपर्यंत निघता येणार नाही म्हणाले. मी बिनघोर होतो, कारण माझ्याकडे जनरेटर होता. जवळपास नवा. जुलैत चर्चच्या जत्रेत एक दिवस चालवला होता.

अंगणात आणून दोरी ओढली. पन्नास वेळा ओढली. साधं खोकलंसुद्धा नाही ते.

माझी बायको वँडा दारात उभी राहून म्हणाली, “यात पेट्रोल कधीचं आहे?”

जत्रेचंच होतं. सप्टेंबरात मार्डेलने मला भर रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, “हार्लन, जत्रेचं पेट्रोल काढून टाक त्यातलं आणि साधं भर.” मी ‘हो हो’ म्हणालो होतो. दरवर्षी ठराव लिहिणारा माणूस मी, दोन मिनिटांचं काम केलं नव्हतं.

बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून मी डेअरीपर्यंत गेलो. एरवी दहा मिनिटांची वाट, त्या दिवशी चाळीस लागली. दुकानात चार माणसं आधीच उभी होती, प्रत्येकाचा चेहरा माझ्यासारखाच. मार्डेल लाकडी घसरगाडीवर हत्यारं बांधत होती.

“मार्डेल, माझा जनरेटर…”

“अल्विनला किती वेळ पुरेल?”

“दोनपर्यंत.”

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. “तुमचे फ्रिज थांबतील. हार्लनकडे आधी.” चौघांनी बाजूला होऊन वाट दिली.

वाटेत ती एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. घसरगाडी ओढत चालली होती आणि मला पाऊल कुठे टाकायचं ते सांगत होती. तिचं वय त्या वर्षी त्रेसष्ट.

अंगणात गुडघे टेकून तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. कार्ब्युरेटरची वाटी काढून माझ्या हातात दिली. तळाशी पाणी होतं, त्याखाली हिरवट चिकटा. वाऱ्याने माझे डोळे पाण्याने भरले होते, आणि ती उघड्या बोटांनी काम करत होती, कारण हातमोजे घालून त्या बारीक छिद्रांचा अंदाज येत नाही. तिच्या खिशात गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचा तुकडा होता. तो तिने पितळी नळीच्या भोकातून आरपार घातला, फिरवला, तोंडाने फुंकलं, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

“दिसतंय का?” मी विचारलं.

“आकाश दिसतंय. आता जाईल पेट्रोल.”

टाकी पूर्ण रिकामी केली. तिच्या डब्यातलं साधं पेट्रोल ओतलं. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. पावणेबारा वाजले होते. आतून वँडाचा आवाज आला, “चाललं! हवा येतेय!”

मी काही बोलणार तेवढ्यात मार्डेल हत्यारं गोळा करून उठलीसुद्धा. “आभार नंतर. मला अग्निशमन केंद्रात सोड, तिथे साठ माणसं गारठून बसली आहेत आणि त्यांचा मोठा जनरेटर रुसलाय.”

सहा दिवसांत तिने एकतीस इंजिनं चालू केली. मी मोजली, कारण तिची घसरगाडी पुढचे पाचही दिवस मीच ओढली. शेवटी शेवटी तिची बोटं फुटून लाल झाली होती, तर वँडाने गाईच्या सडाला लावायचं मलम आणि स्वच्छ चिंध्या बांधून दिल्या. चिंध्या सोडून ती काम करायची आणि पुन्हा बांधून घ्यायची. एकतीसपैकी सव्वीसमध्ये एकच दुखणं होतं. तिने स्वतःच्या दुकानात साठवलेलं साधं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत वाटलं. रविवारी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घर गरम करायच्या भट्टीचा पंखा चालू झाला, तेव्हा त्या आजींनी तिला गरम बटाट्याचं सूप दिलं. ती उभ्यानेच प्यायली आणि म्हणाली, “मीठ कमी आहे,” आणि आजी खदखदून हसल्या. चार दिवसांनी हसल्या असतील.

मार्चचा दुसरा शनिवार. शाळेच्या जेवणघरात वार्षिक सभा. नेहमीप्रमाणे आधी हॅम आणि दुधातले बटाटे, मग अहवाल, मग ठराव. एरवी अहवाल चालू असताना निम्मे लोक पेंगतात. त्या दिवशी एकशे चाळीसच्या आसपास सभासद आले होते आणि कुणी पेंगत नव्हतं.

ठराव मी वाचला. मार्डेल पुढे आली. तिच्या हातात काचेच्या दोन उंच नळ्या होत्या. दोन्हींवर खाली एकेक रेघ मारलेली. तिने रेघेपर्यंत पाणी भरलं. त्यात केकमध्ये घालायच्या निळ्या रंगाचे दोन थेंब टाकले, मागच्यांना दिसावं म्हणून. मग एकीत सोसायटीच्या पंपावरचं साधं पेट्रोल, दुसरीत त्याच पंपावरचं दहा टक्क्यांचं. बुचं लावून दोन्ही हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या.

सगळे पुढे वाकले. साध्याच्या नळीत निळं पाणी परत बरोबर रेघेवर येऊन थांबलं. दुसरीत ते रेघेच्या जवळपास दुप्पट उंच उभं राहिलं.

“पाणी मी दोन्हींत सारखंच घातलं,” मार्डेल म्हणाली. “वरचं जे वाढलं ते अल्कोहोल. पेट्रोलला सोडून ते पाण्याकडे गेलं. तुमच्या टाकीतही हेच होतं. फक्त तिथे निळा रंग नसतो.”

मागून डेल्बर्ट उभा राहिला. “बाई, सगळं ठीक आहे. पण हे तू तुझ्या धंद्यासाठी करतेयस, हेही सांग की सभेला.”

मार्डेल त्याच्याकडे वळली. “डेल्बर्ट, जरा सावकाश विचार कर हं. लोकांना साधं पेट्रोल मिळालं, तर माझ्याकडे येणारी यंत्रं वाढतील की कमी होतील?”

मग पहिल्यांदा त्याची बायकोच हसली आणि तिच्यामागे सगळं जेवणघर.

हसणं ओसरल्यावर मार्डेलचा आवाज बदलला. “मी मक्याच्या घरात जन्मले. मक्याच्या पैशावर शाळेत गेले. इथे कुणी समजू नये की मी मक्याविरुद्ध उभी आहे. पण एक सांगा, दोरी ओढून ओढून खांदा निखळायला आला की माणूस शिवी कुणाला देतो? इंजिनाला नाही देत. म्हणतो, हे मेलं मक्याचं पेट्रोल! तुमचा चांगला माल तुम्हीच चुकीच्या टाकीत ओतून त्याचं नाव घालवताय. गाड्यांना पंधरा द्या, मी स्वतः भरीन. झोपणाऱ्या इंजिनांसाठी जमिनीवरची एक छोटी टाकी ठेवा. मागच्या आवारात रॉकेलची जुनी टाकी रिकामी उभी आहे, तिची तपासणी करून घेता येईल. ठरावात एवढीच दुरुस्ती मागते.”

सेक्रेटरीने सभेत बोलायचं नसतं. त्याने लिहायचं असतं. एकतीस वर्षांत मी एकदाही बोललो नव्हतो. त्या दिवशी पेन ठेवून उभा राहिलो. सप्टेंबरात तिने मला काय सांगितलं होतं, मी काय केलं नाही, आणि पावणेबाराला काय झालं, एवढंच सांगितलं आणि खाली बसलो. अल्विन पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत होते, नाकात नळी. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “मतदान कधी?”

ऑर्लिनने उभं राहून मत द्यायला सांगितलं. आमच्या सोसायटीत एकर कितीही असोत, मत एकच. मार्डेलच्या दुरुस्तीच्या बाजूने शहाण्णव उभे राहिले. ऑर्लिनने मोजले. मग परत मोजले. बहिणीची बाजू आहे म्हणून कुणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी. विरोधात एकेचाळीस.

“ठराव दुरुस्तीसह मंजूर,” तो म्हणाला, आणि चेअरमनचा हातोडा एवढ्या जोरात आपटला की माझ्या कॉफीचा कप हिंदकळला. तो रागाने आपटला की कशाने, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

जूनमध्ये तपासनीस येऊन टाकी पास करून गेला. पंधरा टक्क्यांच्या पंपावर नारिंगी पट्टी लागली आणि मागच्या आवारात साध्याची नळी. ऑक्टोबरात मार्डेलने डेअरीत दर शनिवारी शिकवणी सुरू केली: इंजिन हिवाळ्यासाठी कसं झोपवायचं. टाकी रिकामी करा, नाहीतर साधं भरा. पेट्रोलची चावी बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटीत थेंब राहत नाही. पहिल्या शनिवारी सात जण आले, चौथ्या शनिवारी बाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. पुढच्या वसंतात तिच्याकडे दुरुस्तीला येणारी यंत्रं निम्म्यावर आली. मी विचारलं, आता कसं? तर म्हणाली, “आता जी येतात ती खरी बिघडलेली येतात. मजा येते काम करायला.” आजूबाजूच्या तीन गावांच्या सोसायट्यांनी तिला बोलावून नेलं आणि त्यांपैकी दोन सोसायट्यांनी साध्याची टाकी ठेवली.

गेल्या ऑगस्टात इथेनॉलच्या कारखान्याने सभासदांनी येऊन कारखाना बघावा म्हणून एक दिवस ठेवला होता. मक्याची कणसं, डुकराचं मांस, वाजंत्री. मार्डेलला खास निमंत्रण होतं: लहान इंजिनवाल्यांच्या शंकांसाठी एक टेबल तुम्ही मांडा. मी गेलो तेव्हा ऑर्लिन ते टेबल डोक्यावर घेऊन मैदानातून चालत होता. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट घामाने भिजलेला. त्याने टेबल मांडलं, वर कापड घातलं, आणि समोर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवायला लागला.

“या, या. काहीही विचारा. करवत, होडी, जनरेटर, काहीही. माझी बहीण आहे ही. अख्ख्या जिल्ह्यात हिच्याएवढं कुणाला कळत नाही, मलासुद्धा नाही.”

मार्डेल मान खाली घालून नळ्या मांडत होती. कान लाल झाले होते तिचे.

“ऑर्लिन,” ती म्हणाली, “बोलणं पुरे. टेबल डुगडुगतंय. त्या पायाखाली पुठ्ठा घाल.”

आणि चेअरमनसाहेब गवतात गुडघे टेकून पुठ्ठा घालायला बसले.